कणगीतला नवरा

बायनाबाईची हाक डोंगराच्या पलीकडच्या अंगाला ऐकू जाते, असं वाडीत म्हणतात, आणि ते खोटं नाही. शिरूर कासारकडून आलेला रस्ता जिथं डांबर सोडून खडीचा होतो तिथं ही वाडी आहे. मागं बोडका डोंगर, त्यावर हिवरं आणि बोरी. दिवस कलला की बायनाबाई घरामागच्या खडकावर उभी राहते आणि एकेका शेळीला नावानं बोलावते. काबरे, ये. भुरे, ये. चांदे, ये. सतरा शेळ्या, सतरा नावं. हातात काठी नसते, तोंडाशी हात धरलेला नसतो. हाक जाते आणि थोड्या वेळानं खुरांचा आवाज येतो.

पाटोद्याकडच्या धनगराची ती लेक. बापाची मेंढरं आठ महिने गावाबाहेर, त्यांच्यामागं तीही. सातवीपर्यंतची शाळा तिनं चार गावांत मिळून पुरी केली. तरी अक्षर गोल आलं, आणि वाचताना ती कधी अडखळली नाही. सतराव्या वर्षी लग्न होऊन या वाडीत आली तेव्हा उंबऱ्यावर नणंदांनी वाट अडवली. नाव घेतल्याशिवाय आत सोडेनात. तिनं मान खाली घालून उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. भागवत. ते एकदाच. त्यानंतरच्या सत्तावीस वर्षांत तिच्या तोंडून ते नाव निघालं नव्हतं.

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिला आईनं सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं, हे विचारायची रीत नव्हती. हल्लीच्या पोरी नवऱ्याला खुशाल नावानं हाका मारतात आणि त्यांचे नवरे मोटारसायकलवर हिंडत असतात, हे बायनाबाईला दिसत होतं. पण जीभ म्हणजे पायवाटेसारखी. एकदा वळण पडलं की पडलं.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. बायनाबाईनं आणि भागवतनं पंधरा हंगाम असा एक कोयता ओढला. सोळाव्या हंगामात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका फडातून, तो एका सकाळी खोपीतून उठून गेला तो परत आला नाही. चार दिवसांनी कळलं की नदीपलीकडच्या टोळीत त्यानं दुसऱ्या बाईबरोबर कोयता लावला आहे. मुकादम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाई, तुझं समदं खरं हाय. पण अर्धा कोयता मी कुठं ठिवू?" नऊ वर्षांच्या लेकीला, सुकन्याला, मांडीवर घेऊन बायनाबाई एका रिकाम्या ट्रकमधून वाडीला परतली.

दारात सासू उभी होती, छबुबाई. तिनं सुनेकडं पाहिलं, नातीकडं पाहिलं, मग ट्रककडं पाहत राहिली. आणखी कुणी उतरलं नाही. त्या रात्री तिनं सुनेला एक अक्षर विचारलं नाही, पण पुढचं वर्षभर रोज तिन्हीसांजेला ती उंबऱ्यात येऊन रस्त्याच्या दिशेनं हाक मारायची, "भागवताऽऽ." लेकरू खेळायला गेलंय आणि आता भाकरी खायला येईल, अशी. वर्ष सरलं आणि एका संध्याकाळी हाक आली नाही. त्यानंतर छबुबाईनं अंगणात उभं राहून कुणालाच हाक मारली नाही. कुत्र्यालासुद्धा नाही.

भागवत गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. बायनाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि शेळ्या सांभाळते. सुकन्या बीडला पोलीस भरतीच्या क्लासला आहे. मधे एकदा, कसल्याशा दाखल्यासाठी, लेक तिला बीडच्या एका कचेरीत घेऊन गेली होती. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" बायनाबाईनं रेशनकार्ड पुढं सरकवलं. तो म्हणाला, "कार्ड नको. तुम्ही सांगा." मागं रांग होती. पंखा घरघरत होता. बायनाबाई खिडकीतून हात काढून घेऊन सरळ बाहेर आली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली. सुकन्या मागून धावत आली. "घे की नाव! मरतो का त्यो लगेच?"

हाच तर प्रश्न होता. भाकरी थापताना, खिचडीत डाव फिरवताना, डोंगराला शेळ्यांमागं उन्हात बसलेली असताना तो तिला टोचायचा. अकरा वर्षं ती ते नाव तोंडात खड्यासारखं धरून होती. हा खडा कशाचा, तेच तिला उमगत नव्हतं. माया म्हणावी तर मायेचा काही ओलावा लागत नव्हता. कधी कधी वाटायचं, आपण गप्प आहोत म्हणून तो तिकडं धडधाकट आहे, दुसरीच्या हातची भाकरी खातो आहे. मग वाटायचं, एकदा बोलून टाकावं, होईल ते होवो. आणि लगेच आपल्याच अशा विचाराला ती घाबरायची. मग ती उठायची, गोठा झाडायची, झाडलेला पुन्हा झाडायची. "बूड टेकत न्हाई या बाईचं," असं शेजारच्या बाया म्हणायच्या.

नाटकात ती शिरली ती या चळवळ्या स्वभावामुळंच. वाडीच्या जत्रेत दरवर्षी एकच नाटक होतं. चैत्रात, तोडीवरून माणसं परत आली की. वही इतकी जुनी की वरचं पान केव्हाच गळालं. कुणी लिहिलं ते कुणाला ठाऊक नाही. गावात त्याला नुसतं 'लग्नाचं नाटक' म्हणतात. एका बापानं आपली एकुलती एक लेक तीन जागी देऊ केलेली असते. तिन्ही वराती एकाच दिवशी अंगणात येऊन ठाकतात आणि हा बाप, म्हणजे घरमालक, धान्याच्या कणगीत लपून बसतो. मग त्याची बायको अंगणाच्या मधोमध उभी राहून त्याला नावानं तीन हाका मारते. पहिली गोड. दुसरी ताट वाढल्यावरची. तिसरी अशी की पत्र्यावरचे कावळे उडावेत. तिसऱ्या हाकेला तो पिठानं पांढराफटक होऊन कणगीतून उठतो, आणि गाव हसून हसून लोळतं. त्याच त्या हाकांना तीन पिढ्या हसत आल्या आहेत. कणगी खरी लागते, आणि वाडीत आता खरी कणगी एकच उरली आहे, तुराट्यांची, शेणानं लिंपलेली, छबुबाईच्या घरातली.

तालमी शाळेच्या खोलीत होत. खोलीची किल्ली बायनाबाईकडं. कुलूप लावायला म्हणून ती थांबायची, आणि नुसतं थांबणं तिला जमायचं नाही. एके वर्षी वही धरणारा माणूस आजारी पडला. सुग्रीव म्हणाला, "वहिनी, तुमी धरा." सुग्रीव टेंपोतून पाण्याचे जार पोचवतो, नाटक बसवतो आणि कणगीतला नवराही तोच होतो. त्या वर्षापासून विंगेत वही घेऊन बायनाबाईच उभी. सहा वर्षांत वहीकडं बघायची गरज उरली नाही. बापाचं, लेकीचं, तिन्ही व्याह्यांचं, सगळ्यांचं बोलणं तिच्या ओठांवर. बायकोचं काम करायला दरवर्षी अंबाजोगाईहून राजनंदिनी मॅडम यायच्या. त्या बोलत असताना विंगेत बायनाबाईचे ओठ हलायचे, नि हातही हलायचा.

या वर्षी घोळ झाला तो नावावरून. वहीत बापाचं नाव विठ्ठलराव. इतकी वर्षं त्यात कुणाला काही वाटलं नव्हतं. पण यंदा जत्रेचा मांडव पुढारी विठ्ठलरावांचा, स्टेजच्या ट्रॉल्या त्यांच्या, आणि नारळही तेच फोडणार.

"त्यायच्याच म्होरं त्यायला पिठात लोळवायचं?" पहिल्याच तालमीला सुग्रीव म्हणाला. "नाव बदला."

"मग आप्पाराव करा," सटवा म्हणाला. तो पहिल्या नवरदेवाचा बाप व्हायचा, आणि आयुष्यात त्याला दुसरं कामच मिळालं नव्हतं.

"येडा झाला का बे? आप्पारावाची पोरं खुर्च्या ठिवतील का जाग्यावर?"

"सुंदरराव?"

"सरपंचाचा मेलेला बाप हाय त्यो."

"बद्रीनाथ?"

"माझा व्याही! माझ्या लेकीला नांदू द्यायचं हाय का न्हाई?"

"राम म्हना मंग."

"देवाला बसवतो व्हय कणगीत?"

खोलीत हशा पिकला. सुग्रीवनं डोकं खाजवलं. "गावात नसलेलं नाव पायजे बे. कुनाचा बाप न्हाई, कुनाचा व्याही न्हाई, कुनाला राग न्हाई."

"भागवत," सटवा म्हणाला. "एकच व्हता, अन् त्यो बी गावात न्हाई."

आणखी एकदा हसू आलं, आणि मधेच विरलं. सगळ्यांना एकदम कोपऱ्यातली बायनाबाई दिसली. सटवानं जीभ चावली. सुग्रीव काही बोलायला गेला, तोवर बायनाबाईनं वही मांडीवर घेतली, पेन काढलं आणि विठ्ठलराव खोडून वर गोल अक्षरात लिहिलं, भागवत. लिहायला बंदी नव्हती. पानामागून पान तिनं तसं केलं, एकोणचाळीस ठिकाणी. मग म्हणाली, "चला म्होरं. उशीर व्हायलाय."

तालमीत ती वाक्यं सांगायची आणि नावाच्या जागी पेनानं पत्र्याच्या पेटीवर एक टिचकी मारायची. टक्. लोक त्यालाही सरावले. तिसऱ्या हाकेच्या वेळी मॅडम आलेल्या नसल्या तर तीन टिचक्या मारायची, आणि सुग्रीव कणगी समजून ठेवलेल्या बाकामागून उठायचा.

जत्रेच्या दिवशी अकरा वाजता अंबाजोगाईहून फोन आला. राजनंदिनी मॅडमना सकाळपासून सलाईन लावलं होतं. सुग्रीव टेंपो घेऊन सरळ बायनाबाईच्या गोठ्याशी आला. जार मागं तसेच डचमळत होते.

"वहिनी, समदं नाटक तुमच्या तोंडात हाय."

"मागून सांगनं येगळं, भाऊजी."

"मला ठावं हाय तुमी कावून न्हाई म्हनायलात." त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "नाव बदलू आजच्या दिस. दुसरं कायबी ठिवू."

बायनाबाई हिरव्या पाल्याची पेंढी सोडत होती. "समद्याच्या तोंडात तेच बसलंय. सटवा भाऊजी तर दुसरं नाव म्हनताना इस्टेजवरच बसत्याल डोकं धरून. अन् तुमी कणगीत. तुमाला दिसनार काय? नावाच्या हाकंवरच तर उठनार."

"मंग तुमी नुसतं 'अहो' म्हना."

"तीन वराती अंगनात. अहो म्हनलं की कोन येईल? समदेच येत्याल."

सुग्रीवला हसू आलं, आणि त्याच दमात तो रडवेला झाला. "ऑर्केस्ट्रावाले टपूनच बसलेत, वहिनी. रातचा टाइम त्यायनी घेतला, आपल्याला पाचचा दिला, भर उन्हात. आज बंद पडलं की म्होरल्या साली कोन इचारतंय नाटकाला?"

पाला संपला होता तरी ती रिकामी दोरी उलटसुलट करत राहिली. सहा वर्षं विंगेच्या अंधारात हललेले ओठ तिला आठवले. एकदा तरी ते बोलणं मोठ्यानं बोलावं, असं वाटत होतं. ती कुणाला सांगणार नव्हती, पण फार वाटत होतं. आणि त्या बोलण्याच्या मधोमध ते नाव उभं होतं.

"चारला येते," ती म्हणाली.

घरात छबुबाई चिंचेतले चिंचोके काढत बसली होती. कणगी सकाळीच गेलेली, तिच्या जागी जमिनीवर एक गोल फिका डाग.

"आत्या, नाटकात काम हाय माझं आज."

"कुनाचं?"

"बायकूचं."

म्हातारीनं एक चिंच फोडली. "नाव घ्यावं लागतं न्हवं त्यात?"

"तीनदा."

"माझ्या लेकाचं?"

बाहेर वाऱ्यानं पत्र्याची एक कड वाजत होती, वाजायची, थांबायची.

"ल्हानपनी त्याच कणगीत लपायचा त्यो," छबुबाई म्हणाली. "मला ठावं असायचं. तरी मी समद्या वाडीत हुडकत हिंडायची." चिंचोके तिनं एका हातानं बाजूला लोटले. "मी येनार हाय बघाया. म्होरं बसनार."

घे असंही ती म्हणाली नाही, नको असंही नाही.

पाच वाजता विठ्ठलरावांनी नारळ फोडला आणि सोफ्यावर बसले. दोन ट्रॉल्या जोडून केलेलं स्टेज पश्चिमेला तोंड करून होतं. ऊन सरळ नटांच्या डोळ्यांत. दिवे नाहीत, अंधार नाही, समोरचा एकेक माणूस दिसत होता. सोफ्याच्याही पुढं, मातीत, म्हाताऱ्यांच्या घोळक्यात छबुबाई बसली होती. डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर.

पहिले दोन अंक बायनाबाईनं असे ओढून नेले की लोक चकित झाले. खिचडीचा डाव हातात धरावा तसा तिनं पंखा धरला होता आणि व्याह्यांना ती खऱ्याच व्याह्यांसारखी कापत होती. सटवाच्या एका वाक्याला तिनं नुसती भुवई उचलली, तर टाळ्या पडल्या. नाव आलं की ती शिताफीनं बाजूनं जायची. "आमचं माणूस," "लेकीचा बाप," "घरातलं ते." लोकांच्या ध्यानात ते आलं. त्यात लोकांना एक वेगळीच गंमत यायला लागली, आणि गमतीच्या खाली थोडी धाकधूकही. प्रत्येकजण तिसऱ्या अंकाची वाट बघू लागला.

तिसरा अंक. हलगी वाजली, तीन वराती तीन बाजूंनी चढल्या. सुग्रीव कणगीत बसला, वर झाकण पडलं. तिन्ही व्याही ओरडून थकले, मागं सरले. अंगणाच्या मधोमध बायनाबाई एकटी उरली.

सगळं शांत झालं. पाळण्यावाल्यानं लांबवर पाळणा थांबवला होता की काय, असं वाटावं इतकं.

तिनं तोंड उघडलं. खडा होता तिथंच होता.

"घे की गं नाव!" मागून कुणीतरी ओरडलं. "उखाना घाल!" थोडे हसले. कुणीतरी त्याला गप्प केलं.

पळून जावं, असं पायांना वाटत होतं. बीडच्या कचेरीतून गेले तसे पाय आताही निघाले असते. पण ट्रॉलीला पायऱ्या एकाच बाजूला होत्या आणि तिथं दुसरी वरात उभी होती.

कणगीतून, माईकजवळच, दबलेला आवाज आला, "वहिनी, पीठ नाकात चाललंय."

मैदान हसून फुटलं. त्या हसण्याच्या आडोशानं बायनाबाईनं पहिली हाक मारली. ती इतकी हळू आली की पहिल्या रांगेपलीकडं गेली नसेल. उंबऱ्यावरच्या सतरा वर्षांच्या पोरीचा आवाज होता तो. तरी पहिल्या रांगेनं ऐकला. छबुबाईनं मान खाली घातली.

हसू ओसरलं. दुसरी हाक तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारली. "भागवत!" शब्द तिलाच अनोळखी वाटला, दुसऱ्याच्या घरातल्या भांड्यासारखा. काही झालं नाही. आभाळ होतं तसंच होतं. ऊन डोळ्यांत टोचत होतं. विठ्ठलराव पुढं झुकले होते.

आणि तिसरी हाक तिनं वहीतली मारलीच नाही. ती आली घरामागच्या खडकावरून, पोटातून, काबरीची, भुरीची, चांदीची हाक. "भागवताऽऽ!" ती मांडवावरून गेली, शाळेवरून गेली, डोंगराला जाऊन लागली आणि डोंगरानं ते नाव जरा उशिरानं परत दिलं.

कुणी हसलं नाही. नकळत मैदानातली सगळी तोंडं रस्त्याकडं वळली. बायनाबाईचंही. खडीच्या रस्त्यावर दूर एका जीपची धूळ उठलेली दिसत होती. ती जीप वळली आणि दुसऱ्या वाडीच्या रस्त्याला लागली.

इकडं सुग्रीव ठरल्याप्रमाणं झाकण ढकलून पिठानं पांढरा होऊन उठला होता आणि हात पुढं करून उभा होता. कुणाचं लक्षच नव्हतं. "मला हाक मारलीस का गं?" हे आपलं वाक्य तो दोनदा बोलला.

"आलाय की गं त्यो!" पुढून छबुबाईचा खणखणीत आवाज आला. "मागं बघ!"

मग जे हसू उठलं ते आधीच्या तिन्ही पिढ्यांच्या वाट्याचं एकदम उठलं. बायनाबाई वळली. समोर एक पांढरा माणूस, त्या नावाखाली उभा. वहीप्रमाणं आता तिनं त्याचा हात धरून त्याला बाहेर ओढायचं, डोळे पुसायचे आणि त्याच्या मागं उभं राहायचं. मग तो तिन्ही व्याह्यांपुढं चिठ्ठ्या टाकून कुणाला लेक द्यायची ते ठरवणार. सहा वर्षं तिनं हे विंगेतून सांगितलं होतं.

तिनं हात धरला नाही. त्याच्या डोक्यावर पंजा ठेवून खाली दाबलं.

"बस."

"आँ?"

"बस आत. अकरा वर्सं न्हाई आलास, आनी घटकाभर न्हाई आला तर काय बिघडतंय? वराती मी बघते."

तिनं झाकण लावलं. वहीत एकही अक्षर यातलं नव्हतं. सुग्रीव आतून कुजबुजला, "वहिनी, शेवट माझा हाय!"

"ठावं हाय मला. तुमचं बी मीच सांगते," ती झाकणाला म्हणाली, आणि मैदान पुन्हा फुटलं. सोफ्यावर विठ्ठलराव धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. सगळ्यांत जास्त तेच हसत होते.

मग तिनं बापाचं बोलणं बापाच्या आवाजात सांगितलं आणि त्याला उत्तर आपल्या आवाजात दिलं. तीन जागी शब्द कुणी दिला? यानं. लेक कुणाची? माझी. चिठ्ठ्या टाकायच्या जागी ती लेकीकडं वळली. लेकीचं काम करणारी बबिता बारावीतली पोर; तिला शेवटी नुसतं लाजून उभं राहायचं एवढंच ठाऊक होतं.

"तुला कंच्या घरी जायचंय?"

बबितानं विंगेकडं पाहिलं. विंगेत वही धरायला आज कुणी नव्हतं. "मला... मला न्हाई ठावं," ती खरंच म्हणाली.

"तिला न्हाई ठावं," बायनाबाईनं वरातींना सांगितलं. "ठावं झालं की कळवू. माघारी जा."

सटवाला आयुष्यात पहिल्यांदा वहीबाहेरचं सुचलं. "अन् आमचं जेवान?"

"जेवून जावा."

हलगीवाल्यानं काही न कळून हलगी बडवायला सुरुवात केली आणि पडदा पडला. पडद्यामागं सुग्रीव कणगीतून निघाला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. तो कंबरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत राहिला. रागावायचं की काय, हे त्याचं ठरत नव्हतं.

"औंदाचं नाटक तुमी खाल्लं, वहिनी," शेवटी तो म्हणाला. "म्होरल्या साली मला निदान उटून तरी उभं ऱ्हाऊ द्या."

बायनाबाईनं काही बोलायला तोंड उघडलं, तर नुसता वारा निघाला. घसा गेला होता.

सासू-सुना घरी निघाल्या तेव्हा दिवस मावळत होता. मागं ऑर्केस्ट्रावाले माईकवर "हॅलो, हॅलो" करत होते. छबुबाई पुढं, बायनाबाई तिच्या मागं. वाटेत भेटलेल्या बाया बायनाबाईच्या दंडाला चिमटे काढत होत्या, हसत होत्या. छबुबाई मागं वळून बघत नव्हती. आपण काय केलं, हे बायनाबाईला आता पायांत जाणवत होतं. पोलक्यात ठेवलेला फोन वाजेल, कुठल्या तरी कारखान्यावरून कुणीतरी काही सांगेल, असं वाटून ती दोनदा थांबली. फोन वाजला नाही. तिला हायसं वाटलं की वाईट, हे कळायच्या आत पाय पुन्हा चालू लागले होते.

उंबऱ्याशी आल्यावर छबुबाई बोलली. "तिसरी लई मोठी मारलीस."

बायनाबाईनं मान हलवली.

"ऐकू गेली आसंल का?"

बायनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. म्हातारीनं उत्तराची वाट पाहिली नाही.

शेळ्या आपल्या पायांनी येऊन गोठ्याशी उभ्या होत्या. बायनाबाईनं मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या, बोट लावून. काबरी नव्हती. काबरी गाभण, पाय जड, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बसून राहिली असणार, आणि जत्रेच्या गडबडीत लांडगं उतरायला वेळ लागत नाही. बायनाबाई घाईनं खडकावर चढली. छाती भरून घेतली. तोंडातून खरखर आली, विझत्या चुलीवर फुंकर मारल्यासारखी. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. ती खडकावरच चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं करू लागली.

छबुबाई खालून बघत होती. मग तिनं चौकटीला धरलेला हात सोडला आणि अंगणाच्या मधोमध आली. डोक्यावरचा पदर मागं घेतला.

"काबरेऽऽ," तिनं हाक मारली.

आवाज फाटका होता, दहा वर्षं ट्रंकेत ठेवलेल्या लुगड्यासारखा घडीवर विरलेला. डोंगरावर काही हललं नाही. मैदानावर ढोलकी सुरू झाली.

"काबरेऽऽ, ये गं बाय!"

दोघी उभ्या राहिल्या, एक खडकावर, एक अंगणात. ढोलकीच्या आवाजातून कान लावून ऐकत. बराच वेळ गेला. मग बोरीच्या आडून खडा घरंगळल्याचा आवाज आला, आणि त्याच्यामागून जड, सावकाश खुरांचा.